हसण्याचं ते वाक्य आणि शांफोरवरचे आरोप

ते चित्र दर पंधरा दिवसांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतंच. काळी गोल टोपी, चिमटीएवढी मिशी, हातात वेताची काठी आणि खाली ओळ: ज्या दिवशी तुम्ही हसला नाहीत तो दिवस वाया गेला. त्याखाली नाव, चार्ली चॅप्लिन. गेल्या आठवड्यात ते आमच्या घरच्या ग्रुपवर मावशीने टाकलं. मी लिहिलं, "मावशी, हे चॅप्लिनचं नाही गं, शांफोर नावाच्या फ्रेंच लेखकाचं आहे." मावसभावाने लगेच फोनवर शोधलं आणि दोन मिनिटांत निकाल दिला. अठराव्या शतकातला सूत्रकार, म्हणजे एक-दोन ओळींची विचारवाक्यं लिहिणारा. कडवट, माणूसघाणा, प्रेमाची टर उडवणारा. उमरावांच्या ताटात जेवला आणि फ्रेंच राज्यक्रांती येताच त्यांच्यावरच उलटला. शेवटी गिलोटिनला घाबरून स्वतःचा जीव घ्यायला निघाला. त्यावर मावशीने लिहिलं, "असा माणूस हसण्याबद्दल इतकं छान कसं लिहील? चॅप्लिनचंच असणार."

मावशीवर मला रागावता येईना, कारण तिला जी माहिती मिळाली तिच्यावरून तिने काढलेला निष्कर्ष सरळ होता. गोंधळ माहितीतच आहे. शांफोरची गोड वाक्यं एकेक करून दुसऱ्यांच्या नावावर गेली आणि कडू तेवढी त्याच्याकडे राहिली. मग त्या कडू वाक्यांवरून माणूस ठरवला गेला, आणि आता त्या ठरवलेल्या माणसावरून आपण म्हणतो की गोड वाक्य त्याचं असणारच नाही. एक चूक दुसरीला टेकू देऊन उभी आहे. मी बरीच वर्षं फ्रेंच वाचते आणि थोडाफार अनुवाद करते. हा लेखक मला जवळचा आहे. म्हणून त्या दोन मिनिटांच्या निकालातला एकेक मुद्दा घेते.

आधी हसण्याचं वाक्य. मूळ फ्रेंच असं आहे: 'ला प्लू पेर्द्यू द तूत ले झुर्ने ए सेल ऊ लों ना पा री.' सेबास्तियाँ-रॉक निकोला शांफोर १३ एप्रिल १७९४ रोजी पॅरिसमध्ये वारला. त्याच्या मागे राहिलेली टिपणं त्याचा मित्र जँग्ने याने १७९५ मध्ये छापली आणि त्यांत हे वाक्य आहे. चॅप्लिनचा जन्म १६ एप्रिल १८८९ चा, म्हणजे वाक्य छापून चौऱ्याण्णव वर्षं झाल्यावरचा. चॅप्लिनने ते कधी कुठे उच्चारलं असेलही, पण म्हणून ते त्याचं होत नाही. आणखी एक साक्षीदार आहे, तोही चॅप्लिनच्या आधीचा. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेने १८८२ मध्ये लिहिताना शांफोरचं वर्णन केलं आहे: आयुष्यावरचा उपाय म्हणून ज्याला हसण्याची गरज भासली आणि ज्या दिवशी हसला नाही त्या दिवशी जो स्वतःला जवळजवळ हरवलेलाच समजत असे, असा विचारवंत. तेव्हा चॅप्लिनच्या जन्माला अजून सात वर्षं अवकाश होता, आणि जर्मनीतल्या वाचकाला हे वाक्य कोणाचं ते पक्कं ठाऊक होतं.

अनुवाद करणारी म्हणून इथे मला क्षणभर थांबावंसं वाटतं. मराठीत आपण म्हणतो 'वाया गेला'. वाया जाण्यात हिशेब आहे. काही पदरात पडायचं होतं ते पडलं नाही, असा. शांफोरचा शब्द आहे 'पेर्द्यू', हरवलेला. सगळ्या दिवसांमध्ये सर्वांत हरवलेला दिवस तो, ज्या दिवशी हसलो नाही. गर्दीत मूल हरवावं तसा दिवस हरवतो, तो पुन्हा आपला होत नाही. फुलांच्या आणि सूर्योदयाच्या चित्रांवर छापलं की हे वाक्य आनंदी राहण्याचा सल्ला होऊन बसतं. लिहिणाऱ्याच्या तोंडी ते सल्ला नव्हतं. पंचविशीतच एका दुखण्याने त्याचं देखणं रूप आणि धडधाकट शरीर नेलं होतं आणि ते पुरतं कधीच परत आलं नाही. त्याला हसू लागत होतं, आजाऱ्याला औषध लागतं तसं. नीत्शेने ते बरोबर ओळखलं.

दुसरी वस्तू बेडकाची. कामं वेळेवर कशी करावीत याच्या प्रशिक्षणवर्गांत हमखास सांगतात की सकाळी उठल्याबरोबर जिवंत बेडूक खा, म्हणजे दिवसभरात त्याहून वाईट काही वाट्याला येणार नाही. अर्थ असा की सर्वांत नावडतं काम आधी उरका. खाली नाव मार्क ट्वेनचं. ट्वेनचा जन्म १८३५ चा. शांफोरच्या टिपणांत हा बेडूक चाळीस वर्षं आधीच छापून आला होता, आणि तिथे तो भलत्याच कारणासाठी गिळायचा होता. शांफोर लिहितो की मस्यू द लासे हे फार सौम्य गृहस्थ, पण त्यांना समाजाची पुरती ओळख. ते म्हणत, दिवस प्रतिष्ठितांच्या संगतीत काढायचा असेल तर माणसाने रोज सकाळी एक बेडूक गिळावा, म्हणजे उरलेल्या दिवसात कशाचीच किळस येणार नाही.

यात कामाचा काहीही संबंध नाही. किळस आहे ती व्हर्सायच्या आणि पॅरिसच्या दिवाणखान्यांची, तिथल्या गोड बोलण्याची आणि पाठीमागच्या कुजबुजीची. दरबारी जगावरचा एवढा जळजळीत शेरा आज ऑफिसातल्या कामाची यादी लावायला वापरला जातो. शिवाय बघा, शांफोरने हे वाक्य स्वतःचं म्हणून खपवलेलं नाही. ज्याचं होतं त्याचं नाव घालून त्याने ते टिपून ठेवलं. त्याच्या संग्रहात असे कितीतरी किस्से आहेत, कुणी काय म्हटलं ते त्या माणसाच्या नावानिशी. जिथे नाव नाही तिथे 'मस्यू' आणि पुढे टिंबं. अशा ठिकाणी पुष्कळदा तो स्वतःच बोलत असावा असं जाणकार मानतात. दुसऱ्याचं श्रेय दुसऱ्याला देणाऱ्या माणसाचंच श्रेय असं उधळलं जावं याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता माणूसघाणेपणाचा आरोप. याच्या पुराव्यादाखल एक वाक्य नेहमी पुढे केलं जातं आणि तेच नीट वाचत नाहीत. शांफोर म्हणे असं म्हणत असे: चाळिशीला जो माणूसघाणा झालेला नाही, त्याने माणसांवर कधी प्रेमच केलेलं नाही. उत्तरार्धावर बोट ठेवा. चिडतो कोण? ज्याने जीव लावला होता तो. ज्याला माणसांकडून कसलीच अपेक्षा नव्हती तो चाळिशीतही शांत असतो. घरातल्या एखाद्या आजीचं बोलणं तिखट असतं, पण रात्री सगळे जेवले का हे तीच विचारते. मला शांफोरचा तिखटपणा त्या जातीचा वाटतो.

आणि हा तिखटपणा कोणावर होता? समाजात दोन मोठे वर्ग आहेत, असं तो लिहितो: ज्यांच्याकडे भुकेपेक्षा जेवणं जास्त आहेत ते, आणि ज्यांच्याकडे जेवणांपेक्षा भूक जास्त आहे ते. दुसऱ्या एका टिपणात तो म्हणतो की गरीब म्हणजे युरोपचे काळे गुलाम. त्या काळी साँ-दोमँगच्या, म्हणजे आजच्या हैतीतल्या फ्रेंच वसाहतीच्या, उसाच्या मळ्यांत लाखो आफ्रिकी गुलाम राबत होते आणि तिथली साखर पॅरिसच्या कॉफीत पडत होती, हे लक्षात घेतलं की त्या चार शब्दांचं वजन कळतं. तिसरं माझं आवडतं आहे: माणसाने उदार होण्याआधी न्यायी व्हावं, जशी झालर लावण्याआधी अंगात सदरा लागतो. दानधर्माचा गाजावाजा करून मजुराची मजुरी थकवणाऱ्याला याहून नेमकं कुणी सुनावलेलं मला आठवत नाही. आणि नीतीबद्दल विचाराल तर त्याचं म्हणणं एका ओळीत आहे: सुख घे आणि सुख दे, स्वतःचं वा कुणाचंही वाईट न करता, माझ्या मते सगळी नीती एवढीच. हे माणसांचा द्वेष करणाऱ्याचं वाक्य आहे असं कुणी म्हणून दाखवावं.

स्त्रियांबद्दल त्याने लिहिलेली काही वाक्यं मात्र वाईट आहेत. ती त्या काळाच्या पुरुषी बैठकींतून आली आहेत, आणि काळ तसा होता म्हणून मी त्यांची सफाई देणार नाही. मी ती अनुवादालाही घेत नाही. पण आरोप तेवढ्यावर थांबत नाही. प्रेम म्हणजे दोन लहरींची देवाणघेवाण आणि दोन कातड्यांचा स्पर्श, बस्स, असं शांफोर म्हणाला, असं सांगितलं जातं आणि पुढे निष्कर्ष की याचा प्रेमावर विश्वासच नव्हता.

हे वाक्य कापलेलं आहे. मूळ वाक्यात 'प्रेम' या शब्दानंतर स्वल्पविराम आहे आणि त्यापुढे: 'समाजात जसं आढळतं तसं'. समाज म्हणजे इथे प्रतिष्ठितांचा समाज, तोच बेडूक गिळून जायचा. तिथलं प्रेम असं असतं, एवढंच तो म्हणतो. सहा-सात शब्द उडवले आणि एका वर्तुळाबद्दलचं निरीक्षण सगळ्या जगाबद्दलचा सिद्धान्त झालं. असं होणार हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या सूत्रांतलं अगदी पहिलंच सूत्र या रोगाबद्दल आहे. तो म्हणतो, आळशी माणसाला सूत्र आवडतं, कारण ज्या निरीक्षणांवरून लेखक तिथवर पोहोचला ती स्वतः करण्याचे त्याचे कष्ट वाचतात. आणि मग आळशी आणि सुमार माणसं त्या सूत्राला अशी व्याप्ती देतात जी लेखकाच्या मनातही नव्हती. फॉरवर्डच्या जमान्याआधी दोनशेहून जास्त वर्षं त्याने हे लिहून ठेवलं आहे, आणि आपण त्याच्याच वाक्यांवर ते करून दाखवतो आहोत.

प्रेमावर विश्वास नसलेला हा माणूस चाळिशी ओलांडल्यावर मार्त ब्युफाँ नावाच्या, वयाने त्याच्याहून मोठ्या विधवेच्या प्रेमात पडला. दोघं पॅरिस सोडून एताँपजवळ व्होदुलर या खेड्यात राहायला गेली. जेमतेम सहा महिने मिळाले. १७८३ मध्ये ती गेली आणि हा एकटा परतला. ज्या शहरातल्या प्रेमाबद्दल त्याने ते वाक्य लिहिलं, त्या शहरापासून लांब जाऊनच त्याला प्रेम सापडलं होतं.

आता कृतघ्नपणाचा मुद्दा. हा सगळ्यांत जुना आणि वजनदार माणसांनी मांडलेला आहे, त्यामुळे जरा सविस्तर बोलावं लागेल. लेखक शातोब्रियाँने आठवणींत लिहून ठेवलं की जॅकोबिन, म्हणजे क्रांतीतले जहाल, पैदा करणारा रोग शांफोरला जडला होता. आपल्या जन्माचा योगायोग तो माणसांना कधी माफ करू शकला नाही. नीत्शेला शांफोर इतका आवडूनही त्याने मूळ शोधलं ते आईच्या वतीने घेतलेल्या सुडातच. म्हणजे हा अनौरस मुलगा उमरावांवर जळत होता, आणि क्रांतीत त्याने उट्टं काढलं.

जन्माची गोष्ट खरी आहे. १७४० मध्ये ओव्हेर्न्य प्रांतातल्या क्लेरमाँ गावी जन्म. वाढला एका वाण्याच्या घरी. खरी आई उमराव घराण्यातली होती असं मानलं जातं. पॅरिसला शिष्यवृत्तीवर शिकला आणि बक्षिसांनी हात भरले. धर्मसंस्थेत शिरणं ही अशा मुलासाठी तेव्हाची सर्वांत सोपी वाट. त्याने मुख्याध्यापकांना सांगितलं की मी पाद्री होणार नाही. मला विश्रांती, तत्त्वज्ञान, बायका, अब्रू आणि खरी कीर्ती फार आवडते, आणि भांडणं, ढोंग, मानमरातब आणि पैसा फार कमी आवडतो. पुढे नाटकं लिहिली. १७६९ मध्ये नाटककार मोलिएरवरच्या निबंधाला फ्रेंच अकादमीचं पारितोषिक मिळालं, १७७६ मध्ये एक शोकांतिका दरबारात गाजली आणि राणी मारी-आंत्वानेतने बाराशे लिव्रचं पेन्शन दिलं. राजपुत्र काँदेने चिटणीस नेमलं. ती चाकरी त्याने आपण होऊन सोडली. १७८१ मध्ये अकादमीवर निवड झाली. कोंत द व्होद्रईच्या वाड्यात तो बरीच वर्षं राहिला, हेही खरं.

तर आरोप असा की एवढं खाल्लं आणि उलटला. मी उलट विचारते: उलटण्यात त्याचा फायदा काय होता? सगळी मिळकत पेन्शनांची होती. क्रांतीने राष्ट्रीय सभेत ठराव करून जुनी पेन्शनं बंद केली तेव्हा त्याच्याही पायाखालची जमीन गेली. त्या ठरावाच्या सुमाराचा एक प्रसंग त्याच्या मित्रांनी नोंदवून ठेवला आहे. तो एका सोबत्याबरोबर अकादमीतला वृद्ध सहकारी मार्मोंतेल याच्याकडे गेला. मार्मोंतेल आणि त्याची बायको रडवेली झाली होती. पेन्शन गेलं, आता मुलांचं कसं होणार? शांफोरने त्यांच्या एका लहानग्याला जवळ ओढलं, मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "ये बाळ, तू आमच्यापेक्षा चांगला निघशील. तू आपल्यापेक्षा कमी श्रीमंत होशील म्हणून बाप तुझ्यासाठी रडला होता, हे कळल्यावर एक दिवस तूच त्याच्यासाठी रडशील." हे बोलणाऱ्याचं स्वतःचं पेन्शन त्याच ठरावात गेलेलं होतं. घरी जाऊन तो कशावर जगणार होता हे त्याला त्या घडीला माहीत नव्हतं.

मार्मोंतेलला ते शब्द बोचले असतील. पोरांची काळजी करणाऱ्या बापाला असं बोलावं का, यावर वाद घालता येईल. पण ज्याला सूड घ्यायचा असतो तो आधी आपली बाजू सुरक्षित करतो. शांफोरने एकही दोर राखला नाही. १७९१ मध्ये त्याने अकादम्यांच्या विरोधात निबंध लिहिला. तो क्रांतीचा पुढारी मिराबो याने राष्ट्रीय सभेत भाषण म्हणून वाचायचा होता, पण मिराबो त्या एप्रिलमध्ये वारला आणि शांफोरने तो स्वतःच्या नावाने छापला. दहा वर्षं तो स्वतः त्या अकादमीत बसत होता. त्या लिखाणात काही सहकाऱ्यांवर अन्याय झाला आहे असं मला वाटतं. तिथे मी त्याच्या बाजूने नाही. पण स्वतः बसलेली फांदी तोडणाऱ्याला तुम्ही चुकलेला म्हणा, संधिसाधू म्हणू नका.

या काळातही त्याचे शब्द दुसऱ्यांच्या तोंडून गेले. मिराबोसाठी तो लिहून देत असे. मिराबो म्हणे, मला माहीत असलेलं हे सर्वांत विजेरी डोकं, त्याच्यावर घर्षण करून ठिणगी काढायचा मोह मला आवरत नाही. क्रांतीचा दुसरा पुढारी सिएस याची १७८९ मधली प्रसिद्ध पुस्तिका, तिसरा वर्ग (उमराव आणि पाद्री सोडून उरलेली जनता) म्हणजे काय, सर्व काही, हा जो तिचा गाजलेला प्रश्न आणि उत्तर, ते शांफोरनेच सिएसला सुचवलं असं त्याच्या ओळखीच्या एका उमरावाने सांगून ठेवलं आहे. वाड्यांशी युद्ध, झोपड्यांशी शांती, ही घोषणाही त्याचीच मानतात. १८३४ मध्ये जर्मनीत लेखक ब्युखनरने ती उलट्या क्रमाने आपल्या पत्रकावर छापली. भल्याभल्यांनी उचलाव्यात अशा ओळी त्याने वाटल्या, आणि त्याच्या पुढ्यात 'कडवट' हा शिक्का उरला.

शेवटचा आरोप भित्रेपणाचा. यावर मला शांतपणे लिहिणं जड जातं, पण प्रयत्न करते.

ऑगस्ट १७९२ मध्ये मंत्री रोलाँने त्याला राष्ट्रीय ग्रंथालयाचा संचालक नेमलं, पत्रकार कारा याच्या जोडीने. वर्षभरात वारं फिरलं. भिंतींवर लिहिलेलं असे, 'बंधुता किंवा मृत्यू'. शांफोर त्याचा अर्थ सांगे: 'माझा भाऊ हो, नाहीतर तुला ठार मारतो.' हे तो मित्रांच्या बंद खोलीत कुजबुजत नव्हता. ते पॅरिसभर झालं, कारण तो ते मोकळेपणी बोलत होता. एका शब्दापायी गर्दन उडत होती अशा दिवसांत ज्याला भीती वाटते तो गप्प बसतो. ग्रंथालयातल्याच एका नोकराने त्याच्याविरुद्ध तक्रार केली. त्याने गयावया न करता छापील उत्तर दिलं. सप्टेंबर १७९३ मध्ये त्याला ग्रंथालयातल्या इतरांबरोबर पकडून मादलोनेत तुरुंगात टाकलं. त्यांत वयोवृद्ध विद्वान आबे बार्तेलेमीही होता. दोन दिवसांनी सुटका झाली, पण पहारेकरी घरात बसला. सुटल्यावर त्याने मनाशी ठरवलं की पुन्हा तिथे जिवंत जायचं नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी जिराँदिनांबरोबर, म्हणजे क्रांतीतल्या पाडाव झालेल्या मवाळ गटाबरोबर, त्याच्या सहसंचालकाचं, काराचं, डोकं गिलोटिनखाली गेलं.

नोव्हेंबरमध्ये पहारेकऱ्याने सांगितलं, सामान बांधा, परत तुरुंगात जायचं आहे. शांफोर आतल्या खोलीत गेला आणि त्याने स्वतःवर पिस्तूल झाडलं. तो मेला नाही. एक डोळा गेला, शरीरावर आणखी जखमा झाल्या. माणसं धावून आली, अधिकारी जबानी घ्यायला आले, आणि त्या अवस्थेत त्याने ठाम आवाजात मजकूर सांगितला: मी, सेबास्तियाँ-रॉक-निकोला शांफोर, जाहीर करतो की गुलाम म्हणून पुन्हा तुरुंगात नेलं जाण्यापेक्षा स्वतंत्र माणूस म्हणून मरावं अशी माझी इच्छा होती.

मी त्या कृतीचं कौतुक करत नाही. ती वाचताना दर वेळी पोटात कालवतं, आणि कुणी त्याच्या पाठीशी त्या खोलीत असायला हवं होतं असं वाटतं. पण तिला भित्रेपणा म्हणणं मला खोटं वाटतं. त्याला मरणाची भीती नव्हती हे तर उघडच आहे. भीती होती ती बेडीची. आणि क्रांतीचं काय? तो तिच्यावर उलटला का? तीच राजवट त्याला चिरडत असतानाही त्याने जुन्या राजवटीची आठवण काढली नाही. राजा परत यावा असं तो कधी म्हणाला नाही. ज्या शब्दांसाठी आपण सगळं सोडलं ते शब्द इतरांनी रक्ताने माखले, याचं दुःख त्याला होतं. अखेरच्या दिवसांत सिएसला तो म्हणाला, 'मित्रा, मी अखेर या जगातून निघालो, जिथे काळजाने एक तर फुटावं लागतं, नाहीतर पितळेचं व्हावं लागतं.' त्याचं पितळेचं झालं नाही.

तो पाच महिने जगला. जखमा भरत आल्या होत्या, पण शरीर खचलेलं होतं. एप्रिलमध्ये गेला. या दहशतीचा म्होरक्या रोबेस्पियर पडला तो त्यानंतर साडेतीन महिन्यांनी.

राहता राहिला मूळ प्रश्न: आपण ज्याला शांफोरचं पुस्तक म्हणतो ते काय आहे. त्याने ते पुस्तक कधी केलंच नाही. तो रोज कागदाचे चौकोनी तुकडे घेई, त्यावर सुचलेलं किंवा ऐकलेलं लिही आणि पेट्यांत टाकी. कधीतरी त्यांचं पुस्तक करायचं होतं; नावही ठरलं होतं, 'परिपूर्ण संस्कृतीची उत्पादनं', आणि त्यात सूत्रं, स्वभावचित्रं आणि किस्से असे भाग होणार होते. कुठल्या वाक्याशेजारी कुठलं ठेवायचं, कशाने कशाला उत्तर द्यायचं, कुठे कडू आणि त्यावर कुठे गोड, हे ठरवणं राहून गेलं. फ्रेंच कादंबरीकार आल्बेर काम्यूने १९४४ मध्ये या टिपणांना प्रस्तावना लिहिली तेव्हा त्याला त्यांत न जुळवलेली कादंबरी दिसली, ती याचमुळे. एकेक तुकडा सुटा उचलून त्यावरून माणूस ठरवणं म्हणजे कादंबरीतल्या एका पात्राचा एक संवाद ऐकून लेखकाला ओळखल्याचं सांगणं.

आणि पेट्याही पूर्ण नव्हत्या. तो गेल्यावर जँग्ने कागद बघायला बसला तेव्हा बऱ्याच पेट्या रिकाम्या निघाल्या. घरात सील होतं, पहारा होता, माणसं येत-जात होती. चिठ्ठ्या कुणीतरी नेल्या होत्या. कुणी नेल्या आणि त्यांत काय होतं ते कधी कळलं नाही. जँग्नेने उरलेल्या चिठ्ठ्या वेचल्या, एका वर्षाच्या आत लावल्या आणि छापायला दिल्या. मी मावशीला काल फोनवर हे सगळं सांगितलं आणि शेवटी तेवढंच सांगितलं, की चोरांच्या हातून सुटलेल्या त्या ढिगात हसण्याची ही चिठ्ठी होती, त्याच्या अक्षरातली.